आतल्या बाजूची गाठ

मोज्याची टाच कशी वळवायची, हे माझ्या बहिणीने मला दोनदा शिकवलं. पहिल्यांदा मी दहा वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा एक्कावन्न.

दहाव्या वर्षी मला कावीळ झाली. अमरावतीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात महिना-सव्वा महिना मी अंथरुणात होतो. आई दवाखान्यात आया होती, वडील एस.टी.त कंडक्टर. दोघांच्या पाळ्या कधी जुळत नसत. माझ्याकडे पाहायला ताई. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. उसाचा रस पाजणं, मुळ्याचा पाला भरवणं हे तिचं कामच झालं होतं, पण मी उठून बाहेर पळू नये ही तिची खरी काळजी. म्हणून तिने माझ्या हातात सुया दिल्या.

“तीन सुयांवर टाके राह्यतात. चौथी फिरती,” तिने दाखवलं. “जे सुई रिकामी झाली, ते मंग फिरती. एवढंच हाये. तुले गणित येते ना, मंग हे काहून नाही येणार?”

गल्लीतली पोरं खिडकीशी येऊन ओरडायची, “अबे, हा त पोट्टी झाला!” ताई आतूनच उत्तर द्यायची, “ये ना, तुलेबी टोपी विणून देते तो. पयले डोकं दाखव, हाये का नाही ते पाहू.”

त्या महिन्यात मी एक मोजा पुरा केला. दुसरा केला नाही, कारण मी बरा झालो.

घरात लोकर नवी कधी आलीच नाही. शेजारपाजारचे आखडलेले, कोपर फाटलेले स्वेटर ताई मागून आणायची आणि उसवायची. उसवलेली लोकर कुरळी असते. ती लडी करून कोमट पाण्यात भिजवायची, खाली तांब्या बांधून दोरीवर टांगायची, म्हणजे सरळ होते. वीतभर तुकडाही ती फेकत नसे. साबणाच्या रिकाम्या खोक्यात रंगांप्रमाणे बारके गुंडे करून ठेवायची. अशा तुकड्यांचं विणायचं म्हणजे जोड येणार, आणि जोड म्हणजे गाठ. तिचा त्याबद्दल एकच कायदा होता. गाठ आतल्या अंगाला घ्यायची. “बाहेरून कोणाले समजलं नाही पाह्यजे का लोकर पुरली नाही आपल्याले.”

हे मी लक्षात ठेवलं. बाकी सगळं विसरलो.

ताईचं लग्न अकोल्याला झालं. भाऊजी पाणीपुरवठ्यात फिटर होते. तोंडाने फटकळ, पण ताईशिवाय त्यांना गिळलेला घासही पचत नसे. मूलबाळ झालं नाही. त्यावरून कोणी काही बोललं तर भाऊजी म्हणायचे, “हाये ना आमाले एक. अमरावतीले राह्यते, नोकरी करते, अन् राखीले साडी न्यायची का पैसे द्यायचे ते दरसाल इचारते.” तो एक म्हणजे मी.

पन्नाशी उलटताना माझ्या तोंडात पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी खर्रा बंद करायला सांगितला. आमच्याकडे खर्रा काय असतो हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीत घेऊन घोटतात. निम्मी चटक तोंडाची असते आणि निम्मी हाताची. तोंडाला मी बडीशेप दिली. हाताला काय द्यावं ते कळेना. ऑफिसात टेबलाखाली माझा अंगठा तळहातावर रिकामाच घोटत राहायचा.

ताईला फोनवर सांगितलं तर ती हसली नाही. “हात रिकामा राह्यला का पुडीकडे जाते,” म्हणाली. “ये इकडं.”

मी गेलो तेव्हा तिने पलंगाखालून एक मोठं बोचकं काढलं. तिची सगळी साठवलेली लोकर होती ती, तीस-पस्तीस वर्षांची. शाळेच्या स्वेटरची बाटली-हिरवी, कोणाच्या तरी शालीची मरून, वडिलांच्या मफलरची राखाडी. तिचे डोळे तोवर शुगरने अधू झाले होते. लेझर झालं होतं, तरी सुईवरचा टाका दिसत नव्हता. हातांना मात्र सगळं आठवत होतं. डोळे मिटून तिने माझ्या सुयांवर टाच वळवून दाखवली.

“मले आता नाही दिसत. तू विण. लोकर अशीच राह्यली त कसर लागन तिले.”

बोचकं घेऊन मी बसने अमरावतीला आलो. शेजारच्या माणसाने विचारलं, काय नेऊन राहिले? मी म्हणालो, कापूस. वऱ्हाडात कोणी त्यावर पुढचा प्रश्न विचारत नाही.

मोजे विणणं मला आवडायला लागलं. चौकटीच्या वहीत मी आधी नक्षी काढायचो, एक चौकट म्हणजे एक टाका. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर लोकर तोलायचो, म्हणजे दोन्ही मोज्यांना प्रत्येक रंग सारखा यावा. थोड्या थोड्या उरलेल्या लोकरीला पट्टे सगळ्यात बरे. चार ओळी हिरव्या, चार मरून, दोन राखाडी. कमी पडलं तर इतवारा बाजारातल्या एका दुकानात जायचो. फेब्रुवारी लागला, सीझन उतरला, की तो दुकानदार सुटे, रंग न जुळणारे गुंडे एका टोपलीत काढून ठेवायचा. ती लोकर स्वस्त असे आणि हाताला गुळगुळीत. जुन्या लोकरीला एक गाठ पुरते. ही नवी लोकर घसरते, दोन धुण्यांत गाठ सुटते. मी तिहेरी गाठी मारायला शिकलो.

ऑफिसात मधल्या सुट्टीत विणायचो. आमचा शिपाई म्हणायचा, “साहेब, खर्रा बरा होता. त्याची लाज तरी नव्हती वाटत आमाले.” वर्षभराने त्यानेच आपल्या नातवासाठी एक जोड मागून नेला.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर ताईने फोनवर सहज सांगितलं, पाय बधिर झाले आहेत. “कापसावर चालल्यासारखं वाटते रे. खाली जमीन हाये का गादी, काईच समजत नाही.” डॉक्टरांनी तिला घरातही चप्पल आणि मोजे घालायला सांगितले होते. बाजारच्या मोज्यांचं इलॅस्टिक तिच्या पोटरीवर रुतायचं. संध्याकाळी मोजा काढला की कातडीवर नाली पडलेली असायची.

मी म्हणालो, “थांब. तुझ्यासाठी मी करतो.”

आजवर मी इतकं मन लावून काही केलं नसेल. तिच्या पायाचं माप भाऊजींकडून कागदावर आखून मागवलं. सुजलेल्या पायाला चौसष्ट टाके. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट, पण सैल. बोटांकडचा भाग रुंद. टाचेला जाड लोकर. आणि रंग सगळे तिच्याच बोचक्यातले. ते कमी पडले तिथे टोपलीतली स्वस्त जांभळी. टाचेपासून बोटांपर्यंत अठरा पट्टे होते. म्हणजे एका मोज्यात सतरा जोड.

फेरा मागून सुरू होतो. टाच वळली की तीच सुरुवातीची जागा पायाच्या तळव्याखाली येते, मधोमध. पट्टा बदलतो तिथे एक छोटीशी पायरी दिसते, ती तळव्याखाली गेली याचा मला आनंद झाला होता. वरून पाहाल तर एक खोट सापडणार नाही. सगळ्या गाठी खाली, सगळ्या आत. तीन-तीन फासांच्या, दोरा जवळून कापलेल्या.

ज्या बाईच्या पायाला काही कळत नाही, तिच्या तळव्याखाली मी सतरा गाठी ठेवल्या. आज हे वाक्य लिहिताना ते इतकं उघड दिसतं. तेव्हा दिसलं नाही. मला तेव्हा फक्त मोज्याची बाहेरची बाजू दिसत होती.

भाऊबीजेला मी अकोल्याला गेलो. ताईने ओवाळलं. मी तबकात मोजे ठेवले.

भाऊजी वाकून पाहू लागले. “साळेबुवा, साडी कुठी हाये? मोज्यावर भागवलं काय? अन् अकोल्यात मोजे! उन्हाळ्यात इथी लोकं उघड्यानं बसतात.”

“तुमी बसा उघडे,” ताई म्हणाली. “मले माया भावानं विणून आणले.” तिने मोजे डोळ्यांशी नेले, मग दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपले, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. “गाठी कुठी हायेत रे?”

“आत. तळव्याखाली.”

“पक्क्या हायेत ना? ते बाजारची लोकर सुटते.”

“तीन-तीन मारल्या.”

“शाबास,” ती म्हणाली.

तिने ते तिथेच पायात घातले आणि पुढचे चार दिवस काढले नाहीत. आल्यागेल्याला पाय पुढे करून दाखवायची. समोरच्या काकूंना म्हणाली, “माया भाऊ ऑफिसर हाये, पण पाहा टाच कशी वळवते.” मी ऑफिसर कधीच नव्हतो. मोठा कारकून होतो.

संक्रांत झाल्यावर आठवडाभराने सकाळी भाऊजींचा फोन आला. फरशीवर डाग पडत होते. त्यांना आधी वाटलं हळदी-कुंकवातलं काही सांडलं. मग ताईच्या उजव्या पायातला मोजा काढून तळवा पाहिला. तळव्याच्या पुढच्या फुगीर भागावर, मधोमध, जखम होती. खोल. तिला त्याची काहीच खबर नव्हती.

मी दुपारपर्यंत पोचलो. ताई खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. भाऊजी येरझारा घालत होते. ते सकाळपासून बोलत असावेत, आवाज बसला होता. “अनवाणी फिरते हे. हजार खेपा सांगतलं. अंगणात तुळशीपाशी जाते, चप्पल काढते. देव काय म्हणते काय, चप्पल काढ म्हणून? खडा रुतला, अन् इले पत्ता नाही.”

ताई काही बोलत नव्हती. माझ्याकडे पाहून फक्त म्हणाली, “चहा घेतला का तू?”

मी हात-पाय धुवायला न्हाणीत गेलो. तिथे बादलीत मोजे भिजत घातले होते. पाणी तांबूस झालं होतं. मी उजवा मोजा काढला, पिळला. का केलं माहीत नाही, पण तो उलटा केला. पुढच्या भागात, जांभळ्या पट्ट्याच्या जोडावर, एक गाठ होती. तुरीच्या दाण्याएवढी. रोजच्या चालण्याने दबून, धुण्याने घट्ट होऊन ती कडक झाली होती. तिच्याभोवतीचा तपकिरी डाग पाण्याने गेला नव्हता. मी तिच्यावर अंगठा दाबला. खड्यासारखी टोचली.

मला त्या क्षणी सगळं कळलं. नंतर कळलं, हळूहळू लक्षात आलं, असं काही नाही. न्हाणीतच कळलं.

आणि मी काय केलं? दोन्ही मोजे पिळले, तिथे पडलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि माझ्या बॅगेच्या तळाला ठेवून दिले. मग बाहेर येऊन चहा घेतला.

संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. जखमेत बारीक सळई घालून खोली पाहिली. मग विचारलं, “आजी, अनवाणी चालता का घरात?”

ताई लगेच बोलली नाही. तिने भाऊजींकडे पाहिलं. मग म्हणाली, “जात असन. तुळशीपाशी जातो मी. खडा लागला असन.”

भाऊजी म्हणाले, “आयकलं ना डॉक्टरसाहेब?”

मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. बॅग माझ्या खांद्यावर होती. तिच्या तळाशी असलेल्या पिशवीतलं पाणी बॅगेबाहेर झिरपून माझ्या शर्टाला लागत होतं. तेवढंच एक वाक्य बोलायचं होतं: खडा नाही, गाठ आहे. डॉक्टरांचं काही बिघडणार नव्हतं. त्यांचे उपचार तेच राहिले असते. पण तिच्यावरचा आळ तिथेच गेला असता. मी बोललो नाही. मला वाटलं, आत्ता नको, घरी गेल्यावर. घरी गेल्यावर वाटलं, ती आज दमली आहे.

पुढचे महिने ड्रेसिंगचे होते. मी दर शनिवारी जायचो. ड्रेसिंग करणारी सिस्टर एकदा दुसऱ्या एका पेशंटला सांगत होती, “पाय बधिर असले का मोजे उलटे घालायचे काका. शिवण बाहेरच्या बाजूनं. दिसाले वाईट दिसते, पण पायाले लागत नाही.” मी भिंतीशी उभा राहून ते ऐकलं. उलटे. एवढंच. बाहेरून वाईट दिसले असते, बस.

होळीच्या सुमाराला तिचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट काढावं लागलं. घरी आल्यावर ती म्हणाली, “दोन टाके कमी झाले,” आणि स्वतःच हसली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात तुळशीची कुंडी उचलून समोरच्या काकूंकडे देऊन टाकली. तुळसच नसली तर ही चप्पल काढून जाणार कुठे, असा त्यांचा हिशेब होता. ताई दिवसभर खुर्चीत बसून उघड्या दारातून अंगणातली ती रिकामी जागा पाहायची. जागेवर कुंडीचा गोल डाग राहिला होता. भाऊजींचं बोलणंही थांबलं नाही. रागाने नव्हतं ते. धास्तीने होतं. पण बोलणं तेच: अनवाणी, चप्पल, आयकत नाही. पाहुणा आला की त्यालाही तेच. ताई प्रत्येक वेळी मान खाली घालायची.

त्या उन्हाळ्यात एक दुपार आली होती. कूलर चालू होता, भाऊजी बर्फ आणायला गेले होते. ताई म्हणाली, “ते पट्ट्याचे मोजे कुठी गेले रे? सापडून नाही राहिले.”

“फेकले असतील. रक्त लागलं होतं.”

“दुसरा जोड करून दे मले.”

“आता उन्हाळा आहे ताई.”

“माया पायाले उन्हाळा-हिवाळा समजते काय?”

मी म्हणालो, “ताई, त्या मोज्यांचं एक सांगायचं आहे तुला.”

ती माझ्या दिशेने वळली. तिला चेहरा नीट दिसत नसे, म्हणून ती कान पुढे करायची. मी पुढचा शब्द जुळवत होतो. तेवढ्यात बाहेर सायकलचा स्टँड वाजला, भाऊजी आले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायलाच हवं. मला दुःख झालं नाही, चुटपुट लागली नाही. सुटल्यासारखं वाटलं.

“काय सांगत होता?” तिने नंतर विचारलं.

“काही नाही. लोकर चांगली नव्हती ती.”

“स्वस्तातली अशीच राह्यते,” ती म्हणाली.

तिला माहीत होतं का, हे मला माहीत नाही. गाठी तळव्याखाली आहेत हे मीच तिला सांगितलं होतं. जखम तळव्याखाली, मधोमध होती. जी बाई डोळे मिटून टाच वळवायची, तिला हे जुळवता आलं नसेल का? मी पुष्कळ विचार केला. कधी वाटतं, माहीत होतं आणि तिने मला वाचवलं. पण हेही मला सोयीचंच आहे. तिने खरंच विश्वास ठेवला असेल की आपल्याकडून चूक झाली, आपण आयकलं नाही, म्हणून बोटं गेली. वर्षभर ती तेच मानून मान खाली घालत असेल. हे जास्त शक्य आहे, आणि हे मला सहन होत नाही.

दुसरा जोड मी विणला नाही. सुया हातात घेतल्या की अंगठ्याखाली ती गाठ लागायची. मोजे माझ्या ऑफिसच्या कपाटात, जुन्या फायलींच्या मागे होते. बायकोलाही बोललो नाही.

ताई पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी गेली. हृदय बंद पडलं. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. जखम तेव्हा जवळजवळ भरली होती. पायामुळे गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. मी आणि भाऊजी दोघंच राहिलो. मागून आणलेल्या सतरंज्या आम्ही दोन बाजूंनी धरून घडी करत होतो. भाऊजी मध्येच थांबले.

“तुमच्या ताईनं आयकलं असतं ना साळेबुवा,” ते म्हणाले, “त आज इथी बसली असती. चप्पल घाल, चप्पल घाल. किती खेपा सांगतलं मी.”

आता ती मान खाली घालायलाही नव्हती. तिच्या मागे ही एक गोष्ट राहणार होती की ती ऐकत नसे. मी सतरंजी खाली ठेवली. बॅगेतून उजवा मोजा काढला, उलटा केला आणि त्यांच्या हातात दिला. तेरवीला अमरावतीहून निघतानाच तो ऑफिसच्या कपाटातून बरोबर घेतला होता. एवढं तरी ठरवून आलो होतो.

“काय हाये हे?”

“खडा नव्हता भाऊजी. ही गाठ होती. मी मारलेली.”

त्यांनी मोजा उजेडात धरला. चाळीस वर्षं नळ आवळलेली बोटं त्यांची. गाठ चिमटीत धरून त्यांनी दोनदा फिरवली. काही विचारण्याची गरज नव्हती, डाग तिथेच होता.

“कवा समजलं तुमाले?”

“त्याच दिवशी. न्हाणीत. दवाखान्यात जायच्या आधी.”

“आधी?”

“हो.”

ते सतरंजीवर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. मी त्याचीच वाट पाहत होतो. वर्षभर पाहत होतो. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

“त्या दिवशी सकाळी,” ते म्हणाले, “तुमी यायच्या आधी. मी इचारलं तिले, अनवाणी गेली होती काय? नाही म्हणे. चप्पल घालूनच गेलती म्हणे, तुमची आन. मी म्हटलं खोटं बोलून राह्यली तू. तीन-चार खेपा म्हटलं. मंग चूप झाली. मंग डॉक्टरसमोर कबूल झाली.” ते थांबले. “म्हंजे घातली होती तिनं.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

“आन घेतली होती हो तिनं माही. अन् मी तिची तुळस देऊन टाकली.”

मी म्हणालो, “भाऊजी, चूक माझी आहे. तुमचा काय दोष? तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तुमी मले माफी नका मागू,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “मले मागायची हाये. मी कुठी जाऊन मागू?”

बाहेर मांडववाला बांबू सोडवत होता, त्याचा आवाज येत होता. शेवटी भाऊजी म्हणाले, “साडेचारची गाडी हाये तुमची. निघा आता. मी स्टँडवर सोडाले नाही येत आज.” मोजा त्यांनी परत दिला नाही. मीही मागितला नाही.

मला वाटलं होतं, एकदा सांगितलं की ओझं उतरेल. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी त्याचीच वाट पाहिली. उतरलं नाही. उलट, मी वेळेवर बोललो असतो तर एका माणसावरचा आळ गेला असता, आणि उशिरा बोललो म्हणून दुसऱ्या माणसाच्या गळ्यात तो कायमचा पडला. ताई असताना बोललो असतो, तर भाऊजींनी तिची माफी मागितली असती. ती म्हणाली असती, “जाऊ द्या, चहा घ्या.” तेवढ्याने संपलं असतं. दोन माणसांमधली ती साधी गोष्ट मी घडू दिली नाही. मोज्याची चूक अजाणता झाली. ही जाणून केली.

आता मी दर रविवारी भाऊजींना फोन करतो. पहिले दोन महिने ते उचलत नव्हते. मग उचलू लागले. काय खाल्लं, नळ आले का, डबेवाली येते का, एवढंच बोलतात. मग जरा थांबतात. मला आता ते थांबणं ओळखू येतं.

“साळेबुवा,” ते म्हणतात, “डॉक्टरनं इचारलं तवा ते काय बोलली होती? तुमी मागं उभे होते ना? मले बराबर शब्द सांगा. मी तवा आयकलंच नाही, मी मायंच बोलत होतो.”

मी सांगतो. आधी ती गप्प राहिली. तिने तुमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, जात असन. तुळशीपाशी जातो मी. खडा लागला असन.

“असन म्हणे?”

“हो. असन म्हणाली. गेली होती, असं नाही म्हणाली.”

“हं,” ते म्हणतात, आणि फोन ठेवतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारतात. मी पुन्हा सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि मीही तिथे होतो, माझ्या बॅगेत मोजे होते आणि मी बोललो नाही, हेही दर वेळी सांगतो. ते त्यांनी विचारलेलं नसतं.